घरी घडवलेली गिटार

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा एक इलेक्ट्रिक गिटार घेऊन आमच्याकडे आला. अकरावीतल्या मुलाने साठवलेल्या पैशांतून घेतलेली, बाजारातली सर्वांत स्वस्त म्हणावी अशी ती गिटार होती. तिच्याबद्दल त्याची तक्रार एकच होती. ॲम्प्लिफायरला जोडली की तार छेडण्याआधीच ती ‘हूंऽऽ’ असा एकसुरी आवाज काढी. दुकानदाराचा सल्ला होता, “हिच्यावर पैसे घालवू नकोस, दुसरी चांगली घे.” भाच्याने मला विचारले, “मामा, आपणच उघडून बघूया का?”

मी क्षणभर बिचकलो. माझे अर्धे आयुष्य प्रयोगशाळेत गेले आहे, पण तिथले यंत्र बिघडले की आम्ही कंपनीचा माणूस बोलावतो. शेवटी जेवणाच्या टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरले आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला. आत काय सापडले ते पुढे सांगतो. त्याआधी या वाद्याचा इतिहास पाहू, कारण तोही बराचसा अशाच टेबलांवर घडला आहे.

फॅरेडेचा प्रयोग, सहा तारांवर

साध्या गिटारमध्ये तारेची कंपने घोडीमार्फत लाकडी पेटीच्या पातळ फळीपर्यंत जातात. फळी थरथरते, ती हवेला हलवते आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. सतार किंवा तंबोऱ्यात भोपळा आणि तबली हेच काम करतात. इलेक्ट्रिक गिटारमध्ये हवेचे काम शेवटी, ध्वनिक्षेपकापाशी सुरू होते. तोपर्यंतचा सारा कारभार विजेचा असतो.

तारांखाली ‘पिकअप’ नावाची एक लहानशी वस्तू बसवलेली असते. लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे काही हजार वेढे, एवढाच तिचा संसार. ही तांब्याची तार सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसाएवढी असते. गिटारची पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्यात स्वतःही चुंबकित होते. ती हलली की गुंडाळीतून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते आणि क्षेत्र बदलले की गुंडाळीत विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरेडे याने १८३१ साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. तार सेकंदाला ८२ वेळा कंप पावली तर दाबही तितक्याच वेळा वरखाली होतो. (गिटारची सर्वांत जाड तार साधारण एवढ्याच वारंवारतेला लावलेली असते.) हा दाब व्होल्टचा एक लहानसा अंश असतो, ॲम्प्लिफायर तो वाढवतो.

विद्यार्थ्यांना विचारण्याजोगा एक प्रश्न इथेच उभा राहतो. चंद्रावर हवा नाही. तिथे इलेक्ट्रिक गिटार छेडली तर पिकअपमधून विद्युतसंकेत येईल का? उत्तर ‘येईल’ असे आहे. पिकअपला हवा लागत नाही, हलणारे पोलाद लागते. तारा पितळेच्या किंवा नायलॉनच्या असत्या तर मात्र पृथ्वीवरही तो मुकाच राहिला असता.

हवाई बेटांची गरज

फॅरेडेचे तत्त्व १८३१ चे आणि इलेक्ट्रिक गिटार १९३१-३२ ची. मध्ये शंभर वर्षे गेली. एक कारण उघड आहे : दुर्बळ विद्युतसंकेत वाढवणारी निर्वात नळी विसाव्या शतकात आली. दुसरे कारण गरजेचे होते. अमेरिकेत १९२० च्या दशकात हवाई बेटांचे संगीत अतिशय लोकप्रिय झाले. त्यात गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवतात. नृत्यगृहांतल्या पितळी वाद्यांच्या गदारोळात ही नाजूक गिटार ऐकू येईना.

लॉस एंजेलिसचा जॉर्ज बीचम हा अशीच गिटार वाजवणारा कलावंत. त्याने घरी, जेवणाच्या टेबलावर, पिकअपचे प्रयोग केले. गुंडाळीचे वेढे घालण्यासाठी त्याने कपडे धुण्याच्या यंत्राची मोटार वापरली असे सांगतात. नालाच्या आकाराचे दोन चुंबक, मधून जाणाऱ्या तारा आणि खाली गुंडाळी, अशी त्याची रचना होती. ॲडॉल्फ रिकेनबॅकर या कारखानदाराच्या मदतीने १९३२ साली ती विक्रीला आली. ॲल्युमिनियमची, गोल पोटाची आणि लांब दांड्याची ही गिटार दिसायला तव्यासारखी होती, म्हणून तिचे नाव ‘फ्राइंग पॅन’ पडले. पेटंटचा अर्ज १९३४ मध्ये केला, पण मंजुरी मिळाली १९३७ मध्ये. हे यंत्र खरोखर चालते का, अशी शंका पेटंट कार्यालयाला होती. ती फेडण्यासाठी वादकांना वॉशिंग्टनला पाठवून अधिकाऱ्यांपुढे वाजवून दाखवावे लागले.

नेहमीच्या पोकळ गिटारला पिकअप बसवल्यावर नवी अडचण आली. ध्वनिक्षेपकातून आलेला मोठा आवाज गिटारच्या पेटीला थरथरवी, पेटी तारांना हलवी, तारा पुन्हा पिकअपला जागवीत आणि चक्र सुरू होऊन किंचाळी उठे. सभागृहातला मायक्रोफोन शिट्टी मारतो त्याचेच हे भावंड. लेस पॉल या वादकाने १९४० च्या सुमारास चार इंच जाडीच्या चौकोनी पाईन लाकडाच्या ओंडक्यावर तारा ताणल्या आणि पिकअप बसवले. ओंडका सहजी थरथरत नाही, त्यामुळे किंचाळी थांबली. केवळ गिटारसारखे दिसावे म्हणून त्याने दोन्ही बाजूंना खऱ्या गिटारचे कापलेले अर्धे भाग जोडले. या वाद्याला तो ‘लॉग’, म्हणजे ओंडकाच म्हणे.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची नजर

यानंतरचा माणूस आपल्या कथेत सर्वांत महत्त्वाचा. लिओ फेंडर याला गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावात त्याचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. वस्तू बिघडणारच, आणि बिघडली की ती उघडता आली पाहिजे, हे दुरुस्ती करणाऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. पूर्वी गिटारची मान पेटीला सरसाने चिकटवलेली असे. ती खराब झाली तर कसबी कारागीर गाठावा लागे. फेंडरने १९५० साली बाजारात आणलेल्या गिटारमध्ये मान चार स्क्रूंनी बसवली. पिकअप, खटके, आवाज कमीजास्त करायच्या कळा, सगळे स्क्रूंवर. ही गिटार पुढे ‘टेलिकास्टर’ म्हणून ओळखली गेली आणि १९५४ साली तिच्यामागून ‘स्ट्रॅटोकास्टर’ आली. आज बाजारात मिळणाऱ्या स्वस्त गिटारींपैकी असंख्य गिटारी याच रचनेच्या नकला आहेत.

या चार स्क्रूंनी गिटार स्वस्त झालीच, पण आणखी एक गोष्ट घडली. साध्या माणसाला तिचे भाग बदलता येऊ लागले. एडी व्हॅन हेलन या वादकाने १९७० च्या दशकाच्या मध्यास नेमके हेच केले. कारखान्यातली दोषी म्हणून स्वस्तात विकायला काढलेली, पन्नास डॉलरची लाकडी पेटी आणि ऐंशी डॉलरची मान त्याने आणली आणि दुसऱ्या एका गिटारमधला पिकअप तिच्यात बसवला. हा पिकअप मोठ्या आवाजात किंचाळे. गुंडाळीतले सैल वेढे स्वतःच थरथरत होते, हे त्याचे कारण. त्याने तो वितळलेल्या मेणात बुडवला. मेण वेढ्यांत शिरून थिजले आणि वेढे जागच्या जागी बसले. याच गिटारवर वाजवलेली त्याच्या चमूची पहिली ध्वनिमुद्रिका १९७८ साली आली.

फेल्टमचे पिता-पुत्र

मला सर्वांत जवळची वाटते ती मात्र इंग्लंडमधली गोष्ट. लंडनच्या पश्चिमेला फेल्टम नावाचे उपनगर आहे. तिथे राहणाऱ्या ब्रायन मे या सोळा वर्षांच्या मुलाला १९६३ साली स्ट्रॅटोकास्टर हवी होती. ती घरच्यांना परवडणारी नव्हती. वडील हॅरॉल्ड मे सरकारच्या विमान खात्यात आराखडे काढण्याचे काम करीत. त्यांना इलेक्ट्रॉनिक्सची उत्तम जाण होती आणि घरातल्या वस्तू स्वतः बनवण्याची सवय होती. बापलेकांनी ठरवले की गिटार घरीच करायची. ऑगस्ट १९६३ मध्ये काम सुरू झाले, ते दोन वर्षे चालले.

मानेसाठी शेकोटीभोवतीच्या जुन्या चौकटीचे महोगनी लाकूड वापरले. एका स्नेह्याच्या घरून ती चौकट टाकून द्यायला निघाली होती. लाकडाला कीड लागून पडलेली भोके आगकाड्यांनी बुजवली. अंगासाठी साधा ब्लॉकबोर्ड आणि जुन्या टेबलाचे ओक लाकूड घेतले, वर महोगनीचा पातळ थर चढवला. पट्टीवरच्या खुणांचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या गुंड्या घासून केले.

सूर हलता ठेवण्यासाठी तारांचा ताण क्षणभर कमीजास्त करणारी एक दांडी गिटारला असते. तिचा वापर करून सोडल्यावर तारा पुन्हा नेमक्या सुरात आल्या पाहिजेत. गिटारच्या सहा तारांचा एकूण ताण ४० ते ४५ किलो वजनाएवढा असतो, म्हणजे जवळजवळ एक पोते धान्य. घर्षणामुळे घोडी मिलिमीटरच्या लहानशा भागाने जरी चुकीच्या जागी थांबली तरी सूर बिघडतो. बापलेकांनी घोडी पोलादी सुरीच्या धारेवर टेकवली. आपल्या प्रयोगशाळेतला जुना तराजू ज्या कारणाने धारेवर तोलतात त्याच कारणाने : धारेवर घर्षण सर्वांत कमी. तारांचा ताण तोलायला १९२८ सालच्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हमधल्या दोन स्प्रिंगा लावल्या. हाताने धरायची दांडी सायकलच्या एका भागातून केली आणि तिच्या टोकाला विणकामाच्या सुईचा तुकडा बसवला.

पहिले पिकअपही त्यांनी घरीच केले. सहा लहान चुंबक ओळीने बसवताना उत्तर आणि दक्षिण ध्रुव आलटूनपालटून वर ठेवले. वाद्य वाजले, पण तार बोटाने बाजूला ओढली की ती एका ध्रुवाच्या क्षेत्रातून दुसऱ्याच्या क्षेत्रात जाई आणि नकोसा आवाज येई. तेव्हा ब्रायनने तयार पिकअप विकत आणले, आणि गुंडाळ्या थरथरू नयेत म्हणून त्यांत ॲराल्डाइट भरले. व्हॅन हेलनने मेणाने केले तेच काम इथे दहाबारा वर्षे आधी ॲराल्डाइटने केले.

पडद्यांचे गणित

मानेवर पडदे बसवताना लाकूडकाम संपते आणि गणित सुरू होते. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्यामुळे सरकवता येतात. गिटारचे पडदे खाच करून कायमचे ठोकलेले असतात. बारा पडद्यांनंतर सूर दुप्पट वारंवारतेचा, म्हणजे तारसप्तकाचा, व्हायला हवा आणि प्रत्येक पायरीचे गुणोत्तर सारखे हवे. म्हणजे हे गुणोत्तर २ चे बारावे मूळ, १.०५९५. मे यांच्या गिटारच्या तारेची कंप पावणारी लांबी २४ इंच, म्हणजे सुमारे ६१० मि.मी. आहे. त्यावरून पहिला पडदा वरच्या टोकापासून ३४.२ मि.मी.वर, बारावा बरोबर मध्यावर ३०५ मि.मी.वर आणि चोविसावा ४५७.५ मि.मी.वर येतो.

या गणिताला जुना इतिहास आहे. १५८१ साली व्हिन्चेन्झो गॅलिली या ल्यूटवादकाने पडद्यांसाठी १८ : १७ हे गुणोत्तर सुचवले होते. दर वेळी उरलेल्या लांबीचा अठरावा भाग मोजायचा आणि तिथे पडदा बांधायचा. विद्यार्थ्यांना हे बारा वेळा करून पाहायला सांगा. ६१० मि.मी. तारेवर बारावा पडदा ३०२.८ मि.मी.वर येईल, खऱ्या मध्यापेक्षा दोन मिलिमीटर अलीकडे. बारावे मूळ काढणे अवघड होते त्या काळात सुताराला जमेल असा हा उत्तम जवळचा मार्ग होता. हे गृहस्थ तारांचा ताण आणि स्वर यांचा संबंध प्रयोगाने तपासत असत. त्यांच्या मुलाचे नाव गॅलिलिओ.

पिकअपची जागा आणि तंबोऱ्याची जवारी

एकाच गिटारवर दोन-तीन पिकअप का असतात? कंप पावणाऱ्या तारेत मूलस्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वर असतात. प्रत्येक उपस्वराचे निस्पंद, म्हणजे न हलणारे बिंदू, ठरलेल्या जागी असतात. घोडीपासून एक चतुर्थांश लांबीवर चौथ्या उपस्वराचा निस्पंद असतो. तिथे पिकअप ठेवला तर खुल्या तारेचा चौथा आणि आठवा उपस्वर त्याला जाणवत नाही. घोडीजवळच्या पिकअपला उंच उपस्वर तुलनेने अधिक मिळतात, म्हणून तो धारदार बोलतो. मानेजवळचा गोल, भरदार बोलतो.

ब्रायन मे यांनी तिन्ही पिकअप एकसरी जोडले आणि प्रत्येकाला दोन खटके दिले : एक चालू-बंदचा, दुसरा त्याची टोके उलटी करण्याचा. दोन शेजारच्या पिकअपपैकी एक उलटा केला की दोघांना जवळजवळ सारखा मिळणारा मूलस्वर वजाबाकीत बराचसा नाहीसा होतो आणि उपस्वर उरतात. दोन लहरींच्या व्यतिकरणाचा हा बोलका नमुना आहे.

‘ज्या बिंदूवर तार छेडली तिथे निस्पंद असलेला उपस्वर निर्माण होत नाही’ हा नियम पुस्तकात असतो. १९२१ च्या सुमारास कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी दाखवले की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. त्यांची घोडी गिटारसारखी धारदार नसून रुंद आणि किंचित वक्र असते; तार कंप पावताना तिला स्पर्श करीत राहते आणि गेलेले उपस्वर परत येतात. गवई घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतो, तेव्हा तो उपस्वरांचाच मेळ बसवत असतो. आपले वाद्य आपल्या कानाप्रमाणे घरी जुळवणे हे मिरजेच्या तंबोऱ्यावर रियाज करणाऱ्याला नवे नाही.

‘हूं’चा शोध

आता आमच्या टेबलाकडे वळू. झाकण काढल्यावर पहिला दोष सहज दिसला. घोडीला जोडणाऱ्या तारेचा डाख सुटला होता. ही तार धातूच्या सर्व भागांना ॲम्प्लिफायरच्या भूजोडणीशी जोडते. ती नसेल तर भोवतालच्या वायरिंगचा विद्युत परिणाम तारांमार्फत आत शिरतो. आम्ही डाख दिला. ‘हूं’ कमी झाला, गेला नाही.

मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, “आतल्या पोकळीला तांब्याची पातळ चिकटपट्टी लावू आणि ती भूजोडणीला जोडू. फॅरेडेचा पिंजरा होईल, मग आत काहीच शिरणार नाही.” दुपारभर बसून पट्टी लावली. आवाज आणखी कमी झाला, पण उरलाच. “मामा, पिंजरा करूनही येतोच आहे की,” भाचा म्हणाला. मग गिटार हातात घेऊन तो सहज वळला आणि ओरडला, “इकडे तोंड केलं की कमी होतो, तिकडे केलं की वाढतो!”

माझी चूक मला तेव्हा कळली. तांब्याची पट्टी विद्युत क्षेत्र अडवते. ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र तिला जुमानत नाही. घरातल्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र ती ओलांडून थेट गुंडाळीत शिरत होते. गुंडाळी क्षेत्राच्या दिशेला आडवी वळवली की तिच्यातून जाणारे क्षेत्र कमी होते, म्हणून दिशेने फरक पडत होता. फॅरेडेचे दोन शोध मला पाठ होते, पण कुठला कुठे लागतो हे अकरावीतल्या मुलाने वळून दाखवले.

या अडचणीवर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर याने १९५५ साली उपाय काढला होता. त्याने दोन गुंडाळ्या शेजारी ठेवल्या, दुसरीचे वेढे उलट्या दिशेने आणि चुंबकही उलटा. बाहेरचे क्षेत्र दोघींत विरुद्ध दाब निर्माण करते, ते एकमेकांना खोडून काढतात. तारेचा संकेत मात्र वेढ्यांमुळे एकदा आणि चुंबकामुळे दुसऱ्यांदा उलटतो, म्हणजे सुलटाच राहतो, आणि बेरीज होते. ‘हंबकर’ नावाने हा पिकअप प्रसिद्ध आहे. स्ट्रॅटोकास्टरच्या अनेक नकलांत मधला पिकअप असाच उलटा केलेला असतो. आम्ही खटका अशा जागी नेला की मधला आणि शेजारचा दोन्ही चालू राहतील, आणि खोलीत शांतता झाली. नवा पिकअप घ्यावा लागला नाही. खर्च झाला तो तांब्याच्या पट्टीपुरता.

वर्गात करून पाहा

प्रत्येक उच्च माध्यमिक शाळेत सोनोमीटर असतो. त्याला पोलादी तार लावा. जुन्या रिलेची किंवा घंटेची बारीक तारेची गुंडाळी मिळवा. तिच्या गाभ्याला एक चांगला चुंबक चिकटवा आणि तारेखाली दोनतीन मिलिमीटरवर ठेवा. गुंडाळीची टोके ॲम्प्लिफायरच्या मायक्रोफोनच्या जागी जोडा, आणि तार छेडा. मग पुढील गोष्टी तपासा : पोलादी तारेऐवजी पितळी तार लावल्यास काय होते? गुंडाळी मध्यावरून टोकाकडे नेताना आवाजाचा पोत कसा बदलतो? गुंडाळी फिरवल्यावर ५० हर्ट्झचा गुंजारव केव्हा किमान होतो?

हुशार मुलांसाठी आणखी एक पायरी. पितळी तार तशीच ठेवा, गुंडाळी काढून टाका आणि तारेच्या बाजूला जोरदार चुंबक असा ठेवा की तार हलताना क्षेत्ररेषा कापील. आता सोनोमीटरच्या तारेचीच दोन टोके ॲम्प्लिफायरला जोडा. मुकी झालेली पितळी तार बोलू लागेल. का, ते मुलांना सांगू द्या.

एक सावधगिरी मात्र बाळगा. गिटारच्या आत धोका होईल इतका विद्युतदाब नसतो, पण ॲम्प्लिफायर कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कंडेन्सरमध्ये घातक विद्युतभार साठून राहू शकतो.

पुढे काय झाले

ब्रायन मे १९६८ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले आणि ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत पसरलेल्या धूलिकणांवर पीएच.डी.साठी संशोधन करू लागले. त्याच वेळी, १९७० साली, ‘क्वीन’ हा वाद्यवृंद उभा राहिला. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारुख बलसारा, झांझिबारच्या पारशी कुटुंबातला. त्याचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीत झाले आणि तिथेच शाळेतल्या मित्रांबरोबर तो पहिल्यांदा वाद्यवृंदात वाजवू लागला. १९६४ साली त्याचे कुटुंब इंग्लंडला गेले ते योगायोगाने फेल्टममध्येच राहिले. चमूतला जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. रस्त्याकडेच्या कचऱ्यात सापडलेल्या ट्रान्झिस्टर-मंडलापासून त्याने १९७२ मध्ये एक छोटा ॲम्प्लिफायर केला, आणि तोही पुढे ध्वनिमुद्रणात वापरला गेला.

१९७४ मध्ये ब्रायन यांनी प्रबंध अर्धवट सोडून संगीत धरले. हॅरॉल्ड यांना हे फार लागले. ज्या वडिलांनी दोन वर्षे खपून मुलाला गिटार करून दिली, त्यांनाच ती मुलाचे शास्त्र हिरावून नेताना दिसली. दीर्घ काळ दोघांत अबोला राहिला. पुढे न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला कार्यक्रम पाहायला ब्रायन यांनी आईवडिलांना नेले, तेव्हा वडिलांचे मन वळले. हॅरॉल्ड १९८८ साली वारले. २००२ साली तीच गिटार बकिंगहॅम राजवाड्याच्या छपरावरून वाजली. २००६ मध्ये ब्रायन पुन्हा इंपीरियल कॉलेजात गेले, तीसहून अधिक वर्षांपूर्वीची निरीक्षणे बाहेर काढली आणि २००७ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. ती पाहायला वडील नव्हते.

संगीत की विज्ञान, असा प्रश्न पालक आपल्याला विचारतात तेव्हा मला ही गोष्ट आठवते. त्या टेबलावर दोन्ही एकाच वेळी चालले होते. मुलाने वस्तू उघडली, ती का बिघडली हे स्वतः शोधले, पहिला अंदाज चुकल्यावर दुसरा केला. यातले पुढे काय टिकेल हे आपण ठरवू शकत नाही. पण आपल्या शाळांतले सोनोमीटर परीक्षेच्या आठवड्यापुरते कपाटाबाहेर येतात, हे मात्र आपल्या हातातले आहे.

भाचा सुट्टी संपवून परत गेला. आठवड्याभरात त्याचा फोन आला. वर्गमित्राच्या गिटारची मान वाकली आहे, ती सरळ करणारी लोखंडी सळी किती फिरवायची, असे विचारत होता. मी म्हटले, “एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा सूर लावून बघायचं.” त्याने तो आधीच फिरवला होता.

हा प्रयोग तुमच्या वर्गात करून पाहिलात तर काय आढळले ते जरूर कळवा. विशेषतः फसला असेल तर.